जमीन विकण्याआधी पगाराची स्लिप बघा

पंचगंगेकाठच्या एका गावातल्या ताईंचं पत्र आलं आहे. त्यांचा मुलगा साडेपाच वर्षांचा. जन्मल्यावर लवकर रडला नाही, पुढं सेरेब्रल पाल्सीचं निदान झालं. मान धरत नाही, फिट येतात, गिळता येत नाही म्हणून नाकातल्या नळीनं भरवावं लागतं, आणि वर्षातून दोन-तीन वेळा न्यूमोनियानं दवाखान्यात ठेवावं लागतं. यजमान शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत आहेत. हातात अठरा हजारांच्या आसपास येतात, वर ओव्हरटाइम. ताई बालवाडीत शिकवायच्या, ते काम सुटलं. थोरली मुलगी आठवीत आहे. दागिने पतसंस्थेत गहाण पडले आहेत. आता एका पाहुण्यांनी स्टेम सेल (मूळ पेशी) उपचाराचं नाव काढलं आहे, खर्च सहा-सात लाख. सासऱ्यांच्या नावावरची वीस गुंठे उसाची जमीन विकायची की नाही, यावरून घरात दोन तट पडले आहेत. सरकारी मदतीसाठी हेलपाटे घालणं यजमानांना कमीपणाचं वाटतं. ताई विचारतात, "जमीन ठेवली तर पोरापेक्षा माती मोठी केली असं होईल का? आणि विकली तर थोरलीचं काय?" पत्राच्या शेवटी ओझरतं एक वाक्य आहे: कंबर इतकी धरते की त्याला उचलताना डोळ्यांपुढं अंधारी येते.

ताई, नमस्कार.

आधी जमिनीचंच बोलू, कारण तुमच्या घरातली झोप त्या प्रश्नानं उडवली आहे. या उपचारासाठी जमीन विकू नका. मी हे जमिनीकडं बघून सांगत नाही, उपचाराकडं बघून सांगते आहे. आयसीएमआरनं, म्हणजे देशातल्या वैद्यकीय संशोधनाच्या सर्वोच्च सरकारी संस्थेनं, २०१७ मध्ये स्टेम सेलबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. रक्ताच्या काही आजारांत करतात ते बोन मॅरो प्रत्यारोपण आणि तशा मोजक्या मान्य गोष्टी सोडल्या, तर बाकी सगळीकडं स्टेम सेलचा वापर हे अजून संशोधन आहे आणि ते परवानगी घेतलेल्या चाचणीतच झालं पाहिजे, असं त्यात म्हटलं आहे. सेरेब्रल पाल्सी त्या 'बाकी'मध्ये येते. खरोखरीची चाचणी असेल तर तिच्यात भाग घेणाऱ्या रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत. तुमच्याकडं सहा-सात लाख मागितले जात आहेत, तेव्हा ही चाचणी नाही आणि मान्य उपचारही नाही. पाहुण्यांवर रागावू नका, त्यांना कळकळ वाटली म्हणून ते बोलले. पण तुमच्या मुलाला सुरुवातीपासून बघणाऱ्या बालरोगतज्ज्ञांना या उपचाराबद्दल सांगा आणि सरळ विचारा, "तुमचं लेकरू असतं तर केलं असतं का?"

आता तुमच्या प्रश्नातली एक गोष्ट मला अडते. जमीन विकली तर पोरावर माया, ठेवली तर मातीवर, असा हिशोब तुम्ही मांडला आहे. हा हिशोब बहुतेक पै-पाहुण्यांच्या तोंडून तुमच्या कानावर आला असावा. साडेपाच वर्षं दर तीन-चार तासांनी नळीनं भरवणाऱ्या बाईला माया सिद्ध करायला सातबारा लागत नाही.

दुसरं म्हणजे, तुमच्या घराला लागणारा पैसा कोणत्या जातीचा आहे ते नीट बघा. मेंदूला जन्माच्या वेळी झालेली इजा नंतर वाढत जात नाही, पण ती भरूनही येत नाही. वाढतात ते तिच्या मागून येणारे त्रास: हातपाय ताठरणं, छातीत कफ साठणं, वजन न वाढणं, फिट. ते आवरायला दर महिन्याला औषधं लागतात, नळ्या लागतात, फिजिओथेरपी लागते, मधूनच दवाखान्याचा एक मोठा फटका बसतो, आणि हे वर्षानुवर्षं चालतं. एकदाच हातात येणारे सात लाख या कामाचे नाहीत. दर महिन्याला थोडं थोडं भागेल अशी सोय लागते आहे, आणि ती उभी करता येते. वीस गुंठ्यांतून कारखान्याचं जे काही बिल येतं, तेही त्या सोयीचाच भाग आहे. ते तोडू नका.

यजमानांच्या मनातल्या कमीपणाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते तुमची सगळ्यात मोठी मदत तिथंच अडली आहे. त्यांना पगाराची स्लिप घेऊन शेजारी बसवा. त्यावर ईएसआयची कपात आहे का बघा. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात एकवीस हजारांपर्यंत पगार असणाऱ्याला कामगार राज्य विमा, म्हणजेच ईएसआय, लागू होतो. वीस हजार पगार धरला तर महिन्याला कामगाराचे दीडशे रुपये कापले जातात आणि मालकाचे साडेसहाशे वर पडतात. ओव्हरटाइम धरून आपण एकवीस हजारांवर जातो, म्हणून आपण त्यात बसत नाही, असा अनेकांचा समज असतो. पात्रतेची मर्यादा मोजताना ओव्हरटाइम धरत नाहीत. ठेकेदाराकडून कामावर असतील तरी कायदा लागू आहे, आणि ठेकेदारानं भरलं नाही तर मूळ कारखान्याची जबाबदारी येते.

या कपातीच्या बदल्यात कामगाराला आणि कुटुंबाला दवाखाना, औषधं, भरती, सगळं मिळतं, आणि उपचाराच्या खर्चाला रकमेची कमाल मर्यादा नाही. मोठ्या तज्ज्ञांकडं पाठवायचं असेल तर काही महिन्यांची वर्गणी भरलेली असावी लागते आणि ईएसआयच्या डॉक्टरांची चिठ्ठी लागते. आणखी एक गोष्ट: अपंगत्वामुळं पूर्णपणे आई-वडिलांवर अवलंबून असलेलं मूल मोठं झालं तरी, ते अपंगत्व आहे तोवर, कुटुंबात धरलं जातं. वयाची अट त्याला लागत नाही. तुमच्या मुलासाठी याहून मोलाचं कलम मला माहीत नाही. तेव्हा ईएसआयच्या ई-पहचान कार्डावर मुलाचं नाव चढलं आहे का ते या आठवड्यातच बघा. नसेल तर कारखान्याच्या ऑफिसमधून चढवून घ्या. यजमानांना एवढंच सांगा की हे पैसे त्यांच्या घामाचे आहेत, दर महिन्याला कापले गेलेत. ते वापरायला जाणं म्हणजे कुणापुढं हात पसरणं नव्हे.

पीएफचंही तसंच. कुटुंबातल्या आजारपणासाठी त्यातून आगाऊ रक्कम काढता येते आणि ती परत भरावी लागत नाही. पतसंस्थेचं व्याज चढत चाललं असेल तर एकदा कागद-पेन घेऊन बसा आणि पीएफमधून थोडी रक्कम काढून दागिने सोडवणं परवडतं का ते बघा. मात्र सगळा पीएफ उपसू नका. म्हातारपणी तुम्हा दोघांबरोबर हे मूलही त्यावर असणार आहे.

समजा ईएसआय नाहीच निघालं. मग महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. पूर्वी दीड लाखाचं संरक्षण होतं, आता कुटुंबाला वर्षाला पाच लाख आहे, आणि रेशनकार्ड पांढरं असलं तरी चालतं. न्यूमोनियानं अतिदक्षता विभागात न्यायची वेळ येते तेव्हा ही योजना उपयोगी पडते. अट एकच, की दवाखाना योजनेतला हवा आणि भरती होतानाच तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या माणसाला, गाठलं पाहिजे. चार दिवसांनी बिल हातात आल्यावर नव्हे. हेल्पलाइन १५५३८८. तुमच्या जवळच्या दोन-तीन दवाखान्यांपैकी कोणता योजनेत आहे आणि लहान मुलांचा अतिदक्षता विभाग कुठं आहे, हे पोरगं बरं असताना विचारून ठेवा. रात्री दोन वाजता १०८ ला फोन लावताना ते सुचत नाही. कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय तर आहेच. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय असल्यानं तिथं बालरोग विभाग आहे, आणि अपंगत्वाचा दाखलाही तिथूनच निघतो.

"योजनेचा काही उपयोग होत नाही," असं पुष्कळ पालक लिहितात, आणि त्यांचं निम्मं खरं आहे. फुले योजना भरती झाल्यावरचा ठरलेला खर्च उचलते. घरी लागणारी औषधं, डायपर, थेरपी, रिक्षाभाडं यांतलं ती काही देत नाही, आणि तुमच्यासारखं घर पोखरलं जातं ते याच रोजच्या खर्चानं. त्यासाठी निरामय विमा बघा. हा केंद्राच्या राष्ट्रीय न्यासाचा आहे, आणि सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता या चारांसाठीच आहे. वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण, आधी कुठली वैद्यकीय तपासणी नाही, नोंदणीची फी काहीशे रुपयांत. बाह्यरुग्ण तपासणी, औषधं आणि थेरपी यांचाही खर्च त्यात बसतो, प्रत्येकाला वेगळी मर्यादा आहे. आधी आपण भरायचं आणि मग बिलं पाठवून परत मिळवायचं, असा प्रकार असल्यानं कच्ची चिठ्ठी चालत नाही. थेरपिस्टकडून तारखेची, सहीशिक्क्याची पावती घ्या, आणि बिलं साठवून न ठेवता लगेच पाठवा. राष्ट्रीय न्यासाकडं नोंदलेल्या संस्था अर्ज भरून देतात. कोल्हापुरात चेतना अपंगमती विकास संस्था अशा मुलांसाठी बरीच वर्षं काम करते आहे. तिथं जाऊन चौकशी करा. अर्जाइतकीच तिथं भेटणाऱ्या दुसऱ्या आयांची मदत होईल. कोणता कागद कुठं अडतो हे त्यांना तोंडपाठ असतं.

या सगळ्याच्या मुळाशी एकच कागद आहे, दिव्यांग प्रमाणपत्र आणि त्याचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र. त्याबद्दल तुमच्या पत्रात एक अक्षर नाही, म्हणून काळजी वाटते. मूल पाच वर्षांचं होण्याआधी काढलं असेल तर ते तात्पुरतं असण्याची शक्यता आहे, मुदत बघा. काढलंच नसेल तर स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरून मंडळापुढं मुलाला न्या. काही आया मला लिहितात की एकदा शिक्का बसला की बसला, म्हणून आम्ही काढत नाही. ताई, शिक्का बसायचा तो आजारानं आधीच बसवला आहे. कागदानं निदान त्याची भरपाई तरी मागता येते.

प्रमाणपत्र हातात आलं की पहिल्यांदा ग्रामपंचायतीत जा. स्थानिक संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे, असा शासनाचा नियम आहे. अनेक गावांत तो पैसा मार्चअखेरीस घाईघाईनं कसाबसा वाटला जातो. ग्रामसेवकांकडं लेखी अर्ज द्या, पोच घ्या. मुलाला बसवायला सेरेब्रल पाल्सीची खास खुर्ची मिळते, ती दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून, उत्पन्नाच्या मर्यादेत असाल तर मोफत मिळू शकते. जिल्ह्यात शिबिरं होतात तेव्हा मापं घेतात. नीट टेकून बसवलेल्या मुलाला भरवणं सोपं जातं आणि छातीलाही ते बरं, म्हणून खुर्चीचा पाठपुरावा सोडू नका. संजय गांधी निराधार योजनेचं नाव तुम्हाला कुणीतरी सांगेल. दिव्यांगांसाठी तिचं मासिक अनुदान २०२५ मध्ये दीड हजारावरून अडीच हजार झालं, पण उत्पन्नाची अट वर्षाला पन्नास हजारांची आहे, त्यामुळं यजमानांच्या पगारावर तुम्ही त्यात बसणार नाही. तिथं दिवस घालवू नका. ज्यांचं उत्पन्न त्याच्या आत आहे त्यांनी मात्र तहसील कार्यालयात जरूर विचारावं.

मोठं बिल येऊन पडलंच, तर दोन दारं आणखी आहेत. धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरानं ठेवाव्या लागतात. मोफत खाटेसाठी उत्पन्न एक लाख ऐंशी हजारांच्या आत, निम्म्या दरासाठी तीन लाख साठ हजारांच्या आत. तुमचं घर दुसऱ्या गटात बसतं, म्हणून तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला कायम ताजा ठेवा आणि भरतीच्या वेळीच दवाखान्याच्या समाजसेवकाला दाखवा. दुसरं दार मुख्यमंत्री सहाय्यता निधीचं. त्याच्यासाठी आता मुंबईला जायला नको, जिल्हाधिकारी कार्यालयातच कक्ष आहे.

आता पैशांपलीकडचं. तुमचं कंबरेचं वाक्य मी दोनदा वाचलं. पत्रात मुलाचा खर्च, मुलीची काळजी, सासऱ्यांची जमीन, सगळ्याला जागा मिळाली आणि स्वतःला एका ओळीत उरकलंत. साडेपाच वर्षांचं, अंग ताठरणारं मूल दिवसातून कितीदा तरी उचलायचं म्हणजे अंगमेहनत आहे, आणि ती तुमच्याखेरीज कुणालाच येत नाही, ही तुमच्या घरातली सगळ्यात धोक्याची गोष्ट आहे. उद्या तुम्ही आजारी पडलात तर त्याला भरवणार कोण? म्हणून पुढच्या वेळी दवाखान्यात असाल तेव्हा सिस्टरना विनंती करा आणि यजमानांना नळीनं भरवायला, कफ काढायला, कुशीवर वळवायला त्यांच्या समोर शिकवून घ्या. जाऊ किंवा नणंद जवळ असेल तर तिलाही. फिजिओथेरपिस्टकडून मुलाचे व्यायाम शिकताना त्याला न वाकता कसं उचलायचं तेही विचारा. आणि कार्डावर नाव आहे तर ईएसआयच्या दवाखान्यात स्वतःची कंबर दाखवा, ते कार्ड तुमचंही आहे.

यजमान दमून येतात, हे खरं. तरी ओव्हरटाइमचे काही तास कमी करून एक रात्र त्यांनी जागवावी, असं मी स्पष्ट म्हणेन. त्या दोन-तीन हजारांपेक्षा तुमची एक सलग झोप या घराला जास्त गरजेची आहे. सासूबाई ज्योतिबाला नवस बोलल्या असतील तर बोलू द्या, आणि त्याच मायेनं दुपारी दोन तास नातवाजवळ बसायला सांगा. फक्त थोरलीला यात ओढू नका. आठवीतली पोर हौसेनं मदत करते, मग ती तिची नेमणूकच होऊन बसते. तिनं भावाला गोष्ट वाचून दाखवावी, नळी मात्र तिच्या हातात नको.

डॉक्टरांना विचारण्यासारखे आणखी दोन प्रश्न लिहून ठेवा. नाकातली नळी इतकी वर्षं आहे, तर थेट पोटात बसवायच्या नळीचा विचार करायचा का? आणि फिट थांबलीच नाही तर किती मिनिटांनी घरी काय द्यायचं आणि केव्हा निघायचं? दोन्हींची उत्तरं कागदावर घ्या आणि तो कागद कपाटाच्या दारावर चिकटवा. जमलं तर तिसराही विचारा, तो विचारायला जड आहे: याला दुखतं का, आणि ते कमी कसं करता येईल? पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे त्रास कमी करणारी देखभाल, म्हटलं की लोकांना शेवटच जवळ आला असं वाटतं. लहान मुलांच्या बाबतीत ती निदानापासून इतर उपचारांच्या बरोबरीनं चालू शकते. ताठरणं, झोप, बद्धकोष्ठता, श्वासाचा त्रास हे सगळं त्यात येतं. आपलं मूल किती वर्षांचं होईल हे तुम्हाला कुणी सांगू शकणार नाही. आजचा दिवस त्याला कमी त्रासाचा जावा, हे मात्र बऱ्याच अंशी हातात आहे.

त्याला शिकण्याचाही हक्क आहे. सहाव्या वर्षापासून, गंभीर दिव्यांग मुलांना घरी शिक्षण मिळण्याची तरतूद शिक्षण हक्क कायद्यात आहे. गटशिक्षणाधिकारी कार्यालयात विशेष शिक्षकाबद्दल विचारा. तुम्ही स्वतः बालवाडीच्या बाई, तेव्हा आठवड्यातून एकदा कुणीतरी गाणं घेऊन घरी येणं त्याच्याइतकंच तुमच्याही कामी येईल.

हे वाचणाऱ्या ज्यांच्या मुलांना थॅलेसेमिया, हिमोफिलिया किंवा स्नायूंचा क्षय आहे, त्यांना निरामय लागू होत नाही. पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत हे आजार आहेत, म्हणून प्रमाणपत्राचा रस्ता त्यांनाही खुला आहे. दुर्मीळ आजारांसाठी केंद्राचं २०२१ चं धोरण आहे, त्यातून पन्नास लाखांपर्यंत मदत होते आणि मुंबईचं केईएम रुग्णालय त्याच्या केंद्रांपैकी एक आहे. आणि मूल अजून तान्हं असेल, वाढ मागं वाटत असेल, तर अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला दाखवा. तिथून पुढची तपासणी आणि उपचार मोफत आहेत. "बघू, बोलेल हळूहळू," म्हणत वर्ष घालवू नका.

ताई, तुमचं गाव नदीकाठी आहे म्हणून शेवटी पावसाळ्याचं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली जाऊन बंद पडला होता, हे तुम्हाला मी सांगायला नको. फिटचं औषध अचानक तुटलं तर फिट उसळतात, म्हणून जूनपासून सप्टेंबरपर्यंत घरात महिनाभराचा साठा ठेवा, नळ्यांचे दोन-तीन जादा संच ठेवा, आणि कफ काढायचं यंत्र विजेवर चालत असेल तर पायानं चालवायचं मिळतं का ते बघा. ग्रामपंचायतीत आणि तलाठ्यांकडं मुलाचं नाव लेखी देऊन ठेवा, म्हणजे हलवायच्या यादीत ते वर राहील. राजाराम बंधाऱ्यावर पाणी एकोणचाळीस फुटांच्या इशारा पातळीला लागलं की घोषणा होतात. तुम्ही त्याच्या आधी, रस्ता कोरडा असतानाच, मुलाला घेऊन गावाबाहेरच्या नातेवाइकांकडं निघा. त्या घरी कोणत्या खोलीत राहायचं आणि जवळचा दवाखाना कोणता, हे मे महिन्यातच एकदा जाऊन बघून या.